काचेची पाटी

कसाऱ्याची लोकल दादरला पकडणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि ३१ वर्षे दादरच्याच एका शाळेत गणित शिकवूनही ती मला साधलेली नाही. सकाळची वेळ, सारी मुंबई गावात येणार, आपण उलट गावाबाहेर चाललेले, तेव्हा गाडी रिकामी असेल, असा माझा हिशोब होता. तो कल्याणपर्यंत साफ चुकला. कल्याणला अर्धा डबा उतरला, टिटवाळ्याला महागणपतीची मंडळी नारळांच्या पिशव्या सांभाळीत उतरली, आणि मग कुठे मला खिडकी मिळाली. गेल्या वर्षीची गोष्ट. पितृपंधरवडा चालू होता. पाऊस संपल्यासारखा वाटत होता, पण त्याने अजून सामान आवरले नव्हते. खडवली गेले, वाशिंद गेले, आसनगावाला डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसले. त्यांच्या कमरेशी ढगाचा एक पट्टा होता, हळदीच्या अंगाला पंचा गुंडाळावा तसा. खाली हळव्या भाताला लोंब्या धरल्या होत्या.

मांडीवरच्या पिशवीत दोन किलो पेढे होते, चष्म्याचे घर होते आणि एका पत्राची प्रत होती. या पत्राविषयी आधी सांगायला हवे, कारण पुढचा सारा घोटाळा त्याने केला.

माझ्या हाताखालून १९९४ साली दहावी झालेली एक तुकडी आहे. तुकडी काही फार हुशार नव्हती, पण पुढे तिचे नशीब चांगले निघाले. कोणी पुण्यात, कोणी दुबईला, कोणी न्यू जर्सीला. पन्नाशीला टेकल्यावर माणसाला शाळा आठवते. तशी त्यांना ती आठवली आणि आपण काहीतरी केले पाहिजे असे वाटू लागले. त्यांनी शहापूर तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला दहा टॅब दिले. सोबत द्यायचे पत्र लिहिण्याचा मान मला मिळाला. मी आयुष्यभर शाळेच्या वस्तू हरवताना पाहिल्या आहेत. कंपास हरवतात, पृथ्वीचे गोल हरवतात, एकदा तर प्रयोगशाळेतला सांगाडा गेला. तेव्हा पत्रात मी जरबेची कलमे घातली. त्यातले चौथे असे होते: 'टॅब शाळेच्या आवाराबाहेर नेऊ नयेत. नेल्यास व नुकसान झाल्यास ते भरून देण्याची जबाबदारी नेणाऱ्याची राहील.' वाक्य मला तेव्हा फार बांधेसूद वाटले होते.

आता दोन वर्षांनी त्या तुकडीने आणखी पंधरा टॅबांचे पैसे जमवले होते. म्हणजे सातवीच्या वर्गात प्रत्येक मुलापुढे एक टॅब येईल आणि वर दोन शिल्लक राहतील. पण पैसे पाठवण्यापूर्वी कोणीतरी जाऊन डोळ्यांनी पाहून यावे असे ठरले, आणि निवृत्त मनुष्य मी एकटाच होतो.

खरे सांगायचे तर मी टॅबच्या विरुद्ध पक्षाचा. गणित खडूने आणि घामाने येते, काचेवर बोट फिरवून येत नाही, असे माझे मत होते आणि ते मी लग्नकार्यांतही बोलून दाखवीत असे. माझ्याजवळ दाखले होते. आपल्या सरकारने २०११ साली 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब वाजतगाजत काढला. तो आज कुठे दिसतो? मुंबईच्या महापालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना दप्तराचे ओझे हलके व्हावे म्हणून टॅब वाटले, पण माझ्या शेजारच्या मुलांच्या पाठीवरचे ओझे काही कमी झाल्याचे मी पाहिले नाही. स्वीडनसारख्या पुढारलेल्या देशाने तर २०२३ साली छापील पुस्तकांसाठी मुद्दाम पैसे काढले आणि मुलांना पुन्हा कागदाकडे वळवायला सुरुवात केली. माझे विद्यार्थी उलट दाखले देत. अमेरिकेतल्या मेन राज्याने २००२ सालापासून सातवीच्या मुलांना सरसकट लॅपटॉप दिले, हे न्यू जर्सीवाला सांगे. सोलापूर जिल्ह्यातल्या पारितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर ते चौकोनी ठिपक्यांचे कोड चिकटवून मुलांना मोबाइलवर पाठ दाखवले आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, हे पुणेकर सांगे. त्या गुरुजींनी दहा लाख डॉलरच्या बक्षिसातला अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकला, हे मला टॅबपेक्षा अधिक आवडले होते. पण तो वेगळा विषय.

खर्डीला उतरलो. मुंबईपासून रेल्वेने शंभर किलोमीटरच्या आसपासचे हे स्टेशन. पुढे उंबरमाळी, मग कसारा आणि मग घाट. फलाटावर टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या, पावसाळी काकड्यांचे ढीग लावून. एकीकडून दोन घेतल्या. तिने मीठ-तिखट एका पानात बांधून दिले. मुंबईत काकडीला काकडीची चव असते हे मी विसरलो होतो.

स्टेशनाबाहेर जीप उभी होती. दहा माणसांच्या जीपमध्ये चौदा माणसे भरल्यावर ती हलली, पंधरावा मागे लटकला. डांबरी रस्ता जिथे संपला तिथे तिने मला उतरवले आणि पुढे अर्धा तास चाल होती. वाट सागाच्या जंगलातून जाते. सागाला त्या दिवसांत पांढरा फुलोरा असतो आणि खालची जमीन त्या बारीक फुलांनी माखलेली असते. मधे एक ओढा, गुडघाभर पाण्याचा. जोडे हातात घेऊन तो ओलांडताना मनात आले, की हेच पाणी आपल्याकडे नळातून येते. हा सारा मुलूखच मुंबईला पाणी पाजणारा आहे. पश्चिमेला तानसा, १८९२ सालची. तिच्या वर वैतरणेवरची धरणे. पूर्वेला भातसा, जी आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी पुरवते. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकर येतो. मुंबईकराने हे लिहिताना थोडे हळू आवाजात लिहावे.

पाड्याचे नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल. साठ-सत्तर घरे, ठाकरांची आणि कातकऱ्यांची. शाळा टेकाडावर. पहिली ते सातवी, वर्ग सात, शिक्षक चार. भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवलेला, म्हणजे वर्गाचे दार ते डब्याचे दार. ही कल्पना आता महाराष्ट्रभर झाली आहे, पण जिथे मुलांना गाडी रोज दिसत नाही तिथे ती शोभते.

मुख्याध्यापकांनी प्रथम कपाट दाखवले. त्यांना वाटले मी तपासणीला आलो आहे, आणि मीही तोच चेहरा केला असावा. दहापैकी आठ टॅब चालू होते. एकाची बॅटरी फुगून त्याचे पोट सुटले होते. तो पेटेल या भीतीने पटांगणाच्या कोपऱ्यात एका मातीच्या मडक्यात ठेवला होता. दुसऱ्याची काच फुटली होती. दोन्ही निरुपयोगी, पण टाकून देता येत नाहीत, कारण जडसंग्रह नोंदवहीत दहा लिहिले आहेत आणि हिशेबनीस आला की दहा मोजणार. सरकारी शाळेत वस्तू मरते, पण तिचे सुतक फिटत नाही.

चालू असलेल्या आठांची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी होती. शाळेत बालमंत्रिमंडळ असते. त्यात पाणीमंत्री, परसबागमंत्री असे असतात. या शाळेने एक नवे खाते काढले होते: चार्जिंगमंत्री. हा सहावीतला एक किडकिडीत मुलगा. वीज केव्हा येते, केव्हा जाते, कोणता टॅब हळू भरतो, कोणत्याची वायर वाकडी धरावी लागते, हे त्याला तोंडपाठ. टॅबांना त्याने खडूने नव्हे, नेलपॉलिशने आकडे घातले होते. बहिणीचे नेलपॉलिश असावे.

सातवीचा वर्ग घेणाऱ्या बाई नगर जिल्ह्यातल्या, शहापूरला राहतात, रोज स्कूटीवरून येतात. ओढ्याला पाणी असले की स्कूटी अलीकडे ठेवून चालत. वर्गात तेवीस मुले. बाईंनी त्यांचे आठ गट केले, सात गट तिघांचे आणि एक दोघांचा, आणि प्रत्येक गटात कामे वाटून दिली. एकाचे बोट, एकाचे तोंड, एकाचा हात. म्हणजे एकजण टॅबला बोट लावणार, दुसरा जे दिसते ते मोठ्याने वाचणार किंवा सांगणार, तिसरा वहीत लिहिणार. दर दहा मिनिटांनी बाई टाळी वाजवतात आणि कामे बदलतात. ज्याचे बोट नाही त्याने काचेला हात लावायचा नाही.

पाठ अंतराचा होता. पाड्यावर इंटरनेटची रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर एक काळा कातळ आहे, त्याला मुले रेंजचा दगड म्हणतात. त्यावर उभे राहून हात वर केला तर फोन कसाबसा लागतो. तेव्हा बाई घरी बसून उपग्रहाने घेतलेली चित्रे उतरवून घेतात आणि एकेका टॅबमध्ये भरतात. त्या दिवशीचे चित्र या मुलखाचेच होते: वरून पाहिलेला पाडा, सागाचे हिरवे गालिचे, तानसेचे फाटक्या पानासारखे तळे, आणि रेल्वेची रेघ. कोपऱ्यात एक पांढरी पट्टी, म्हणजे एक किलोमीटर. मुलांनी शिवणाचा दोरा रस्त्याच्या वळणावळणाने काचेवर धरायचा आणि पाड्यापासून खर्डी स्टेशन किती लांब ते काढायचे.

पहिली पाच मिनिटे नुसता कल्ला झाला. ज्याला त्याला आपले घर सापडले. "आमचा गोठा!" "ही आमची चिंच!" मग दोरे निघाले. मी पाठीमागे हात बांधून फिरत होतो. खिडकीजवळच्या गटातल्या मुलाने उत्तर दिले, "एकवीस किलोमीटर." बाकीच्या गटांची उत्तरे सातच्या आसपास होती. माझी जीभ वळवळली, पण बाईंनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. मी गप्प बसलो.

त्या गटात एक मुलगी होती, कातकऱ्याची. तिची पाळी हाताची, म्हणजे लिहिण्याची. तिने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "मग माझी आजी काकड्या घेऊन रोज सकाळी एकवीस जाते का? आणि एकवीस येते? आणि दुपारची भाकर भाजते?"

वर्ग हसला. मुलगा चिडला. त्याचे म्हणणे, दोरा बरोबर आहे, पट्टीने मोजलाय, एकवीस सेंटिमीटर; आणि ती पांढरी पट्टी एक सेंटिमीटरची आहे, हीही आपण मोजली. दोघांनी पुन्हा मोजले. दोरा पुन्हा एकवीसच भरला. तेव्हा तिसरी, जिचे तोंड होते ती, म्हणाली, "तू चित्र मोठं केलंस ना, दोरा धरायला?" चित्र सरकवत सरकवत ती कोपऱ्यातली पांढरी पट्टी पुन्हा काचेवर आणली. ती आता एक सेंटिमीटरची राहिली नव्हती, तीन सेंटिमीटर झाली होती. एकवीस भागिले तीन. सात.

प्रमाण बदलले की मोजमाप बदलते, हा भाग मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला आहे. भिंतीवरच्या कागदी नकाशात ही चूक होऊच शकत नाही, कारण कागद बोटाने ताणता येत नाही. चूक त्या काचेने केली होती आणि ती सुधारली होती काकड्या विकणाऱ्या एका म्हातारीने, जी तिथे हजरही नव्हती. मी माझ्या पक्षाविषयी थोडा साशंक झालो.

मग एका मुलाने तळ्यावर बोट ठेवून मला विचारले, "सर, तुमच्या नळाला हेच येतं ना?"

मी हो म्हटले.

"मग आमच्या नळाला काय येतं?" त्याने विचारले. त्यात खोच नव्हती. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. मी बाईंकडे पाहिले. त्यांनी या वेळी मान हलवली नाही.

मधल्या सुट्टीत खिचडी झाली, पेढे वाटले गेले. मी बाईंना मोठ्या आनंदाने बातमी दिली, की आणखी पंधरा टॅब येत आहेत, आता प्रत्येकाला एक मिळेल.

बाई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सर, रागावू नका. पण नकोत."

"का?"

"एकेकाला एकेक दिला की वर्ग गप्प होतो. मागच्या वर्षी पाचवी-सहावीची मुलं कार्यक्रमाला गेली होती, म्हणून सातवीत फक्त आठ मुलं होती आणि आठ टॅब. प्रत्येकाला एक दिला. तास शांत गेला. मला बरंसुद्धा वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणाला काही सांगता येईना. आज ती आजी निघाली, ती भांडणातून निघाली ना? एकटा असता तर त्याने एकवीस लिहिलं असतं आणि पुढे गेला असता."

मी म्हटले, "मग तुम्हाला काय हवं?"

"तुमचं चौथं कलम काढून हवं."

पत्रातली कलमे त्यांना पाठ होती. मला घाम फुटला.

गोष्ट अशी होती. कातकऱ्यांची घरे दिवाळी झाली की कुलूप लावून, किंवा कुलूपही न लावता, वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, पनवेल, जिथे शेठ नेईल तिथे. पावसाळ्यात खाण्यापिण्याला, आजारपणाला, लग्नाला शेठकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला वैशाखापर्यंत विटा पाडायच्या. नवरा-बायकोची जोडी धरतात आणि मुले बरोबर जातात, धाकट्यांना सांभाळायला आणि विटा उलटवायला. सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे, शिक्षण हमी कार्ड काढले आहे, की मुलाने ते दाखवावे आणि भट्टीजवळच्या शाळेत बसावे. कोणी सामाजिक कार्यकर्त्यांनी भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचे खोपटे. या सगळ्यांतून काही मुले तरतात. पण पाड्यावरच्या तेवीसांपैकी सहा दिवाळीनंतर जाणार होती, आणि बाईंचा अनुभव असा, की परत येणारे मूल दोन इयत्ता मागे गेलेले असते. खिडकीजवळची ती मुलगी त्या सहांत होती.

बाईंनी टॅबमध्ये स्वतःच्या आवाजात पाठ भरले होते. पुस्तके त्यात होतीच. त्यांना एक टॅब तिच्याबरोबर द्यायचा होता. मुख्याध्यापकांची ना नव्हती. अडले होते दोन ठिकाणी: एक माझे पत्र आणि दुसरा तिचा बाप.

"तिला विचारलंत?" मी म्हटले.

"तिला पाठांसाठी नकोच आहे," बाई हसून म्हणाल्या. "तिला विटा मोजायला हवा आहे."

शेवटच्या तासाला बाईंनी मोठे चित्र काढले, थेट कल्याणच्या खाडीपर्यंतचे, आणि मुलांना म्हणाल्या, कोणाला आणखी कोणती जागा माहीत आहे ती शोधा. एकाने शहापूरचा बाजार शोधला, एकाने मामाचे गाव. तिने नदीचे एक वळण पकडले, त्याच्या काठाने बोट नेले आणि एका जागी थांबली. तिथे तांबूस ठिपक्यांच्या ओळी होत्या. चित्रावर नाव काही नव्हते. "ही आमची भट्टी," ती म्हणाली. "हे झाड. याच्याखाली आमचं खोपटं असतं." मग बोटाने थोडे वर, "इथं मुनशी बसतो."

गेल्या वर्षी तिने वहीत विटांचा आकडा लिहिला होता. रोजचा. अवकाळी पावसात खोपटे गळले आणि वहीचा लगदा झाला. हिशोबाला बसले तेव्हा मुनशीचीच वही राहिली.

शाळा सुटल्यावर मी आणि बाई तिच्या घरी गेलो. कुडाची भिंत, समोर सारवलेले अंगण. बाप मासे धरायचे जाळे सांधत बसला होता. आजी, तीच ती, काकड्यांची रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसली होती. आम्हाला पाणी दिले. बाईंनी विषय काढला.

बाप जाळ्यातून वर न पाहता म्हणाला, "नको गुरुजी. फुटला तर भरून कोण देणार? आहे तीच उचल फिटत नाय."

"भरून द्यायचं नाही," मी म्हटले.

"कागदावर लिवलंय ना. बाईंनी वाचून दाखवलं."

मी पिशवीतून पत्र काढले, पेन काढले आणि चौथ्या कलमावर ठळक रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली. मुख्याध्यापकांच्या प्रतीवरही अशीच मारीन म्हणून सांगितले. माझ्या मते प्रश्न सुटला होता. बापाने कागद मुलीला दिला. "वाच."

तिने वाचला. अडखळत नाही, पण जपून. चौथ्या कलमाशी आली, तेव्हा तिने तेही वाचले, रेघेखालचे, शेवटपर्यंत: "...जबाबदारी नेणाऱ्याची राहील."

"रेघ मारली तरी लिवलेलं तसंच आहे," बाप म्हणाला.

त्याला काय उत्तर द्यावे? कायद्याने रेघ पुरते. पण ज्याच्या आयुष्याचा हिशोब दुसऱ्याच्या वहीत असतो त्याला कायदा सांगून उपयोग नसतो. मी मुलीकडे वहीचे एक पान मागितले. टोपली माझ्यासाठी सरकवली गेली आणि मी गुडघ्यावर वही ठेवून नवे पत्र लिहिले. त्यात एकच वाक्य होते: हा टॅब फुटला, हरवला, भिजला किंवा कोणी हिसकावून घेतला, तर या घरातल्या कोणीही काहीही भरून द्यायचे नाही. 'हिसकावून' हा शब्द आजीने घालायला लावला. तो माझ्या डोक्यातही आला नसता.

बापाने ते दोनदा वाचून घेतले. मग कागदाची घडी करून शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि ती पिशवी आढ्याला खोचली. होय की नाही ते काही बोलला नाही. आजीने जाताना मला चार काकड्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

मुख्याध्यापकांपुढे वेगळाच पेच होता. जडसंग्रह नोंदवहीतली वस्तू आवाराबाहेर जाते म्हणजे काय? ते बराच वेळ डोके खाजवत बसले. शेवटी त्यांनी ग्रंथालयाची देवघेव नोंदवही काढली. पुस्तक मुलाला घरी नेता येते. टॅबमध्ये पुस्तके आहेत. तेव्हा टॅब हे पुस्तक. अशा रीतीने नेलपॉलिशचा सातवा आकडा असलेला टॅब ग्रंथालयात दाखल झाला. सरकारी नियमांविषयी आपण फार वाईट बोलतो, पण त्यात एखादी खिडकी असते आणि ती कुठे आहे हे जुन्या मुख्याध्यापकांनाच ठाऊक असते. या खिडकीला कोणी गज लावू नये, म्हणून मी पाड्याचे नाव लिहिले नाही.

परतीच्या गाडीत खर्डी सुटल्यावर मी तुकडीच्या खजिनदाराला फोन केला. नवे पंधरा टॅब नकोत, त्याऐवजी आहेत त्यांच्या बॅटऱ्या बदलायला आणि फुटलेले भरून काढायला पैसे ठेवा, असे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तो एक टॅब गेलाच म्हणून समजा." मी म्हटले, समजलो. मलाही तसेच वाटत होते.

दिवाळी झाली. घरे गेली. बाईंचा निरोप आला की टॅबही गेला. मुलीने तो आजीच्या लुगड्यात गुंडाळून नेला. मग पौष, माघ, फाल्गुन काही कळले नाही. वैशाखात बाईंनी रेंजच्या दगडावरून फोन केला. टॅब परत आला होता. एका कोपऱ्याला तडा गेला होता आणि चार्जिंगच्या भोकात विटेची तांबडी पूड भरली होती. ती चार्जिंगमंत्र्याने काडीने काढली. बाईंनी भरलेल्या वीस पाठांपैकी तीनच शेवटपर्यंत ऐकलेले होते. धाकट्या भावाची बरीच छायाचित्रे होती आणि रात्री पेटलेल्या भट्टीची दोन. आणि आकडे होते. रोजच्या रोज, एकही दिवस न चुकवता; पावसाने कच्च्या विटा गेल्या त्या दिवशी शून्य. प्रत्येक ओळीत दोन आकडे: 'आम्ही' आणि 'मुनशी'. पहिल्या महिन्यात दोन्हींत रोज पन्नास, कधी शंभर विटांचा फरक पडत होता. मग एके दिवशी मुनशीने टॅब मागून पाहिला, असे मुलीने बाईंना सांगितले. त्यापुढच्या ओळींतले आकडे सारखे आहेत.

उचल फिटली नाही. थोडी खाली आली आणि बाकीची पुढच्या सालावर गेली. मुलगी आता आठवीला आश्रमशाळेत आहे. तिथे टॅब आहेत की नाहीत हे मी अजून विचारलेले नाही.

जूनमध्ये मी पुन्हा जाऊन आलो. मुख्याध्यापकांनी देवघेव नोंदवही दाखवली. शेवटच्या रकान्यात पुस्तक परत आले तेव्हाची स्थिती लिहायची असते. तिथे त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'एक कोपरा दुमडला आहे. बाकी पाने ठीक.' त्याखाली यंदाच्या दिवाळीनंतर नेण्यासाठी चार नावे आधीच पडली होती. तेव्हा गेल्या आठवड्यात बसून मी चार पत्रे लिहिली. खजिनदार म्हणाला, टाइप करून पाठवतो, सर, कशाला त्रास घेता? पण पहिले पत्र वहीच्या पानावर हाताने लिहिलेले होते आणि पाड्यावर ते सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून ही चारही तशीच लिहिली; 'हिसकावून' हा शब्द धरून.